पहिल्या धड्याचं विमान

बंगळूरच्या जुन्या विमानतळाच्या रस्त्याला, मारतहळ्ळीकडे जाताना, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं संग्रहालय लागतं. आवार फार मोठं नाही. आत दोन दालनं आहेत. एकात १९४० पासूनची छायाचित्रं, दुसऱ्यात पोट उघडून ठेवलेली इंजिनं. बाहेर उघड्यावर विमानं. त्यात मारुत आणि मिग-२१ ही लढाऊ विमानं आहेत. टोकदार नाकाची, मागे ओढलेल्या पंखांची ही मंडळी उभ्या जागीही वेगात असल्यासारखी दिसतात, आणि येणारा जाणारा त्यांच्यापुढे उभा राहून फोटो काढून घेतो. याच मंडळींत एचटी-टू आहे. दोन माणसांचं, एका पंख्याचं साधंसरळ विमान. हिंदुस्तान ट्रेनर हे त्याचं पूर्ण नाव.

मी गेलो होतो ते त्याच्यासाठीच.

अंगकाठी बेताची. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेअकरा मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत साडेसात. रिकाम्या विमानाचं वजन सातशे किलोच्या आतबाहेर, आणि दोन माणसं, पेट्रोल सगळं धरून हजार किलोच्या जरा वर. पंख खालच्या अंगाला जोडलेले, सरळ, कसलाही आव नसलेले. वर लांबट काचेचं छत आणि त्याखाली एकामागे एक दोन जागा. पोटाखाली दोन चाकं. ती आत ओढून घेता येत नाहीत, उडतानाही तशीच लोंबत राहतात. तिसरं चाक पार मागे, शेपटीखाली, अगदी लहान. त्यामुळे जमिनीवर असताना विमान मागे रेलतं आणि नाक आभाळाकडे राहतं. सगळं अंग धातूचं. जवळ गेलं की पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या रांगा दिसतात, सरळ, समान अंतरावरच्या. त्यातली प्रत्येक रिव्हेट कोणीतरी हातात हत्यार धरून बसवलेली आहे.

एक लहान मुलगा आजोबांचं बोट धरून तिथे आला. मराठी बोलणं ऐकून माझे कान टवकारले.

“आजोबा, याला रॉकेट कुठे लावतात?”

“याला रॉकेट नसतं रे. हे शिकवायचं विमान.”

“मग हे कोणाला हरवतं?”

आजोबांनी त्याला उचलून घेतलं आणि पंखाकडे बोट दाखवून काहीतरी समजावू लागले. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. मुलानं नेमकी जागा पकडली होती. लढाऊ विमानाची ओळख सांगायला त्यानं पाडलेली विमानं सांगता येतात. मालवाहू विमानाची ओळख टनांत सांगता येते. शिकवणाऱ्या विमानाची ओळख कशात सांगायची?

माझ्या मते, त्या शेपटीखालच्या चाकापाशी वाकून बसलं की या विमानाचा स्वभाव कळायला लागतो. हे चाक तळहाताएवढ्या जागेवर टेकलेलं असतं. मुख्य दोन चाकं पुढे, आणि विमानाच्या वजनाचा मध्य त्या चाकांच्या मागे. उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना आमच्याकडे संगमनेरला साखर कारखान्याच्या गेटवर जे होतं, तेच हे विमान धावपट्टीवर उतरल्यावर होऊ पाहतं. ट्रॉली जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होत जाते आणि सावरली नाही तर आडवी येते. तसंच इथे मागचं वजन पुढच्या चाकांना ओलांडून पुढे जायला बघतं. वैमानिकाचे पाय झोपले तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. वैमानिक याला ग्राउंड लूप म्हणतात.

म्हणून या विमानावर शिकणाऱ्या पोराला पहिली सवय पायांची लागते. उजवा, डावा, जरासा, सोड, पुन्हा जरासा. रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची, पेडलं सतत जिवंत ठेवायची. चाकं टेकली म्हणजे उड्डाण संपलं, असं समजायचं नाही. विमान थांबतं, पंखा थांबतो, तेव्हाच ते संपतं. जमिनीवर सरकतानाही एक पंचाईत असते. नाक वर असल्यामुळे समोरचं काही दिसत नाही. मग थोडं डावीकडे वळून उजवीकडून बघायचं, थोडं उजवीकडे वळून डावीकडून बघायचं, असं नागमोडी जायचं. समोर काय आहे ते गृहीत धरायचं नाही, बघून घ्यायचं. पुढे ताशी हजार किलोमीटरच्या जेटमध्ये बसणाऱ्या माणसाला ही सवय पहिल्या आठवड्यातच लागलेली बरी.

शिकवणाऱ्या विमानाची रचना करणं हे लढाऊ विमानाच्या रचनेपेक्षा हलकं काम आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. वेग कमी, उंची कमी, यंत्रं कमी. पण यात एक अडचण आहे, आणि ती आकडेमोडीनं पूर्ण सुटत नाही. विमान फारच सोपं केलं, तर शिकणाऱ्याच्या चुका ते झाकून टाकतं. पोराला वाटतं आपल्याला येतंय, आणि पुढच्या विमानावर त्याचा भ्रम जिवावर बेततो. विमान फार अवघड केलं, तर पहिल्याच चुकीला पोरगा हातचा जातो. मधली जागा सापडावी लागते. चूक लगेच दाखवून द्यायची, स्पष्ट दाखवायची, आणि तरी सुधारायला वेळ ठेवायचा. ज्यानं हे साधलं, त्याला विमानाइतकीच माणसाचीही समज असली पाहिजे.

एचटी-टूमध्ये हे साधणारे होते डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या हसूरचा. मुंबईला शिकून ते जर्मनीत ग्योटिंगनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. विमानाच्या शास्त्रात प्रांटल हे फार मोठं नाव. पंखावरून हवा वाहते तेव्हा पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो, तो पंखाला धरून राहतो तोवर पंख नीट उचलतो, आणि तो सुटला की सगळंच बिघडतं, हे त्यांनी १९०४ मध्ये मांडलं होतं. आता कॉकपिटमध्ये बघा. उड्डाणाच्या शिक्षणात पहिल्याच काही तासांत कॅडेटला स्टॉल शिकवतात. नाक हळूहळू वर घ्यायचं, वेग कमी होऊ द्यायचा. हातातली स्टिक ढिली लागते, विमानाचं अंग थरथरतं, आणि एका क्षणी पंख हवा सोडतो आणि नाक खाली पडतं. प्रांटलनी कागदावर मांडलेला तो थर इथे कॅडेटच्या हाताला जाणवतो. स्टिक पुढे द्यायची, वेग घ्यायचा, विमान पुन्हा उडायला लागतं. ज्या शास्त्रज्ञानं हे गणित उलगडलं, त्याच्या मराठी शिष्यानं ते पोरांच्या तळहातापर्यंत पोहोचवणारं विमान बांधलं. मला हा धागा फार मोलाचा वाटतो.

घाटगे बंगळूरला आले ते दुसऱ्या महायुद्धात. तो काळ समजून घेतल्याशिवाय एचटी-टूचं घराणं कळत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी साखरेचे कारखाने काढले, जहाजांची कंपनी चालवली. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच. त्यांनी देशात विमानाचा कारखाना काढायचं मनावर घेतलं. म्हैसूर संस्थानानं जमीन दिली, पैसा घातला, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी, म्हणजे आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, उभी राहिली. घाटगे त्याच वर्षी तिथे रुजू झाले. १९४१ मध्ये कारखान्यातून पहिलं विमान जोडून बाहेर पडलं. ते होतं हार्लो, अमेरिकी रचनेचं, आणि तेही शिकवायचंच विमान. युद्ध भारताच्या दाराशी आलं तसं सरकारनं कारखाना हाती घेतला. १९४३ पासून अमेरिकी हवाई दलाची विमानं इथे दुरुस्तीला येऊ लागली, आणि हजारो कामगारांनी लढाईत मार खाल्लेल्या विमानांवर हात बसवून घेतला. याच काळात घाटग्यांनी सैनिक वाहून नेण्यासाठी एका ग्लायडरची रचना केली, आणि १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला तोही त्यांच्याच हाताखाली. दिवसा कारखाना, आणि त्याच गावात वर्गही. शिकवणं हा या माणसाच्या कामाचा अर्धा भाग होता.

त्या युद्धात भारतीय पोरं उडायला शिकली ती मात्र इंग्रजी टायगर मॉथवर. १९३१ सालचं ते कापडानं मढवलेलं, दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान. हैदराबादला बेगमपेठ आणि राजस्थानात जोधपूर इथे प्राथमिक उड्डाणशाळा चालत, आणि तिथून पास झालेला कॅडेट पुढे अंबाल्याला जाई. टायगर मॉथनं आपलं काम उत्तम केलं, त्याबद्दल शंका नाही. पण स्वतंत्र देशाच्या हवाई दलाला पहिली अक्षरं गिरवायला दुसऱ्याची पाटी किती दिवस मागायची? स्वातंत्र्यानंतर लगेच कारखान्याला नव्या विमानाची रचना करायला सांगितलं गेलं, आणि पहिलं काम ठरलं ते शिकवणाऱ्या विमानाचं. या निर्णयाचं शहाणपण आज जास्त जाणवतं.

ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-टू पहिल्यांदा उडालं. वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पहिल्या नमुन्याला टायगर मॉथच्याच घराण्यातलं जिप्सी मेजर इंजिन होतं. दुसऱ्याला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर बसवलं, आणि पुढच्या विमानांना तेच राहिलं. इंजिन इंग्रजी होतं, हे खरं. पण पंखाचा छेद, शेपटीचा आकार, वजनाचा तोल, हाताला लागणारा स्टिकचा जोर, हे सगळं इथे ठरलं, इथल्या माणसांनी ठरवलं. भारतात रचना होऊन कारखान्यात ओळीनं तयार झालेलं हे पहिलं विमान. दीडशेहून अधिक बांधली गेली. ताशी दोनशे किलोमीटरच्या जरा वर त्याचा वेग संपतो. ते विमान तेवढ्याचसाठी होतं, आणि तेवढं त्यानं चोख केलं.

इंजिन उलटं बसवलेलं आहे, ही आणखी एक बारकाईनं बघण्याची गोष्ट. एका ओळीत चार सिलिंडर, आणि ते वर तोंड करून उभे असण्याऐवजी खाली लोंबतात. त्यामुळे मुख्य दांडा वरच्या अंगाला येतो, पंखा उंच राहतो आणि गवतावर आपटत नाही, शिवाय नाकाचा वरचा भाग निमुळता झाल्यामुळे बसणाऱ्याला हवेत समोरचं बरं दिसतं. नाकाचा तो लांबट, चपटा चेहरा इंजिनाच्या या ठेवणीतून आला आहे. त्याच्या अंगावरची कुठलीच गोष्ट शोभेसाठी नाही.

आता आतल्या दोन जागांची गोष्ट. दोन्ही ठिकाणी स्टिक आहे, दोन्ही ठिकाणी पेडलं आहेत, आणि ती आतून एकमेकांना जोडलेली आहेत. एकानं स्टिक डावीकडे नेली की दुसऱ्याचीही डावीकडे जाते. शिकवणाऱ्याचा हात स्टिकवर नसला तरी जवळ असतो. कॅडेटनं काय केलं ते त्याला नजरेनं बघावं लागत नाही, तळव्याला कळतं. कॅडेट घाबरून स्टिक आवळतो तेही कळतं. शिक्षकाची सगळी परीक्षा इथे असते. हात कधी घालायचा? लवकर घातला तर पोरगा शिकत नाही. उशिरा घातला तर दोघंही जातात. एचटी-टू त्या दोघांच्या मध्ये बसलेलं असतं, आणि दोघांनाही एकाच वेळी खरं सांगत असतं.

धड्यांचा क्रम ठरलेला. सरळ, समपातळीत उडायचं. वळायचं. चढायचं, उतरायचं. मग स्टॉल. मग स्पिन. विमान एका पंखावर कोसळतं आणि गरगर फिरत खाली जातं, जमीन समोर भोवऱ्यासारखी फिरते. उपाय पाठ असतो. फिरण्याच्या उलट रडर, स्टिक पुढे, फिरणं थांबलं की रडर सरळ आणि हलक्या हातानं वर. पण पाठ असणं आणि पोट ढवळत असताना हातून होणं यांत फरक आहे. तो फरक मिटवायलाच हे विमान आहे. त्यानंतर सर्किट. उडायचं, चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. आणि एका सकाळी शिक्षक विमान थांबवायला सांगतो, पट्टे सोडतो, खाली उतरतो, आणि एकट्याला जायला सांगतो.

तो सोलो. हजार किलोच्या विमानातून एक माणूस उतरला की फरक चांगलाच पडतो. विमान लवकर उचलतं, भरभर चढतं, आणि दुसरी जागा रिकामी असल्याचं त्या चढण्यातूनही कळतं. आयुष्यात पुढे कितीही मोठी विमानं चालवली तरी बहुतेक वैमानिक हे उड्डाण विसरत नाहीत.

असे सोलो बीदरच्या आकाशात कितीतरी झाले. बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचं गाव. भालकी, औराद, बीदर या पट्ट्यात आजही अनेक घरांत मराठी बोलतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, इथे प्रशिक्षणासाठी धावपट्टी झाली. युद्ध संपलं. पुढे १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाल्यावर हवाई दल झपाट्यानं वाढवायचं ठरलं, वैमानिक खूप लागणार होते, आणि साठच्या दशकात बीदरचा तळ पुन्हा शाळा झाला. त्या शाळेचं विमान होतं एचटी-टू. युद्धात घाईनं बांधलेली एक धावपट्टी आणि युद्धात उभ्या राहिलेल्या कारखान्याचं एक विमान, यांची तिथे भेट झाली. खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीतून निघालेली पोरं, वेगवेगळ्या राज्यांतली, वेगवेगळ्या भाषांची, त्या जुन्या किल्ल्याच्या गावावरून पहिल्यांदा एकटी उडाली. १९७१ च्या युद्धात लढलेल्या अनेक तरुण वैमानिकांच्या लॉगबुकात पहिल्या पानांवर एचटी-टूचीच नोंद आहे. ज्यांनी जेटमधून मोठी कामगिरी केली, त्यांच्या पायांना पेडल कसं दाबायचं ते या विमानानं शिकवलं होतं.

त्याचे विद्यार्थी देशाबाहेरही आहेत. १९५९ मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानानं आपलं हवाई दल उभारलं, तेव्हा भारतीय हवाई दलाचे शिक्षक तिकडे गेले आणि एचटी-टूही गेलं. स्वतः स्वतंत्र होऊन जेमतेम बारा वर्षं झालेल्या देशानं दुसऱ्या नव्या देशाला उडायला शिकवावं, तेही आपल्या रचनेच्या विमानावर, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती.

घाटगे मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, सैन्याच्या तोफखान्याच्या टेहळणीसाठी कृषक, आणि पुढच्या टप्प्याच्या शिक्षणासाठी किरण हे जेट. किरण सप्टेंबर १९६४ मध्ये उडालं. म्हणजे एखादा कॅडेट एचटी-टूवर उडायला शिकून किरणवर गेला, तर त्याचे दोन्ही गुरू एकाच माणसाच्या टेबलावर जन्मलेले होते. सूर्यकिरण पथकाच्या कसरती आपण वर मान करून बघितल्या, त्या पथकाची सुरुवात १९९६ मध्ये बीदरलाच, याच किरणवर झाली. घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या परिसरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे, विमानविद्येतला एक पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. महाराष्ट्रात त्यांचं नाव किती घरांत माहीत आहे, असा प्रश्न मी स्वतःच्याच गावात विचारला, तर उत्तर समाधानाचं मिळत नाही, आणि त्याची मला खंत आहे.

पुढे एचटी-टू थकलं. काही विमानांना नवी अमेरिकी इंजिनं बसवून त्याचं आयुष्य वाढवलं, पण ऐंशीच्या दशकात त्याची जागा एचपीटी-३२ दीपक घेऊ लागलं आणि १९९० च्या सुमारास एचटी-टू निवृत्त झालं. त्यानंतरचं मी इथे मुद्दाम सांगतो, कारण शिकवणाऱ्या विमानाची किंमत त्यानंतर समजली. दीपकचं इंजिन हवेत बंद पडण्याचे अपघात होत गेले, शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही त्यात गेले, आणि २००९ मध्ये ही सगळी विमानं जमिनीवर उभी करावी लागली. लढाऊ विमानं होती, धावपट्ट्या होत्या, उत्साही पोरं होती. पहिला धडा द्यायला विमान नव्हतं. किरणसारख्या पुढच्या इयत्तेच्या विमानावर नवखी पोरं बसवावी लागली. अखेर २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ विमानांचा करार झाला. विमान चांगलं आहे, पोरं त्यावर चांगली शिकली. पण साठ वर्षांपूर्वी जे आपण स्वतः बांधलं होतं, ते आपल्याला विकत आणावं लागलं.

ही तुटलेली दोरी आता पुन्हा जोडली जाते आहे, आणि आम्हा संगमनेरकरांना तिचं टोक हाताशी आहे. आमच्या गावाला विमानाचा आवाज नवा नाही. खाली पुण्याचं लोहगाव, वर नाशिकचं ओझर, दोन्हीकडे विमानतळ. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर उभं राहिलं की कधी तरी सुखोईचा गडगडाट आधी येतो आणि विमान शोधेपर्यंत ते नाहीसं झालेलं असतं. २०१७ पासून काकडीला शिर्डीचा विमानतळ झाला, आता प्रवासी विमानंही नेहमीची झाली. नाशिकच्या पलीकडे ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना साठच्या दशकापासून आहे. मिग तिथे झालं, सुखोई तिथे झालं. याच ओझरला ऑक्टोबर २०२५ मध्ये एचटीटी-४० च्या बांधणीची नवी लाइन सुरू झाली. एचटीटी-४० हे पुन्हा आपल्याच रचनेचं प्राथमिक शिक्षणाचं विमान. २०१६ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी ७० विमानांचा करार झाला.

या नातवाची तब्येत एचटी-टू आजोबांपेक्षा कितीतरी दणकट आहे. टर्बोप्रॉप इंजिन, शक्ती सहा पटींच्या आसपास. पुढे चाक असल्यामुळे शेपटीचा तो खोडसाळपणा गेला. संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या आल्या, ज्या एचटी-टूला नव्हत्या. इंजिन याही वेळी बाहेरचंच आहे, आणि पुढच्या पिढीनं करायचं काम तिथे शिल्लक आहे. पण एकामागे एक दोन जागा आहेत, दोन्हीकडे जोडलेल्या स्टिका आहेत, आणि चूक दाखवून सुधारायला वेळ देण्याची जी कसोटी घाटग्यांनी घेतली होती, तीच याच्यापुढेही आहे.

संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलची पोरं-पोरी शिकतात, आयटीआयमधून फिटर, टर्नर तयार होतात. त्यातले काही ओझरला अप्रेंटिस म्हणून जातील, काही तिथेच राहतील. त्यांना मी एवढंच सांगेन की तुमच्या हातून जे विमान होईल त्याला रॉकेट नसेल, म्हणून ते कमी समजू नका. आणि त्या मुलाच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकतो. एचटी-टू कोणाला हरवतं? ते वैमानिकाच्या भीतीला हरवतं, आणि त्याच्या फाजील आत्मविश्वासालाही. लढाऊ विमान देशाला विकत मिळतं, अडचणीच्या वेळी कोणी उसनंही देतं. पण आपल्या पोरांनी चुका कुठे करायच्या, कोणासमोर करायच्या, आणि त्या कशा सुधारायच्या, हे ठरवण्याचा हक्क बाहेरून आणता येत नाही. तो स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या रिव्हेटांनी बांधावा लागतो. १९५१ मध्ये आपण तो एकदा बांधला होता. ओझरला तो पुन्हा बांधला जातो आहे, आणि या वेळी मध्ये खंड पडू द्यायचा नाही.